शाळेच्या वाफ्यातलं बोरन्हाण

पद्मिनी भिरूड ही बाई मला पहिल्या भेटीत आवडली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. मी स्वभावानेच संशयी. दूधवाल्याच्या कॅनमध्ये डोकावून बघणारी, शेजारणीने वाटीभर आमटी पाठवली तर ही आता काय मागणार, असा विचार करणारी. त्यामुळे लखनऊच्या रेल्वे कॉलनीत राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मातीने भरलेल्या हातांची एक मराठी बाई दारात उभी राहून म्हणाली, "भाजीची देठं, साली टाकू नका हं, मी रोज न्यायला येईन," तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. सिग्नल खात्यातल्या इंजिनियरची बायको दारोदार कचरा कशाला मागेल?

हे सत्त्याहत्तर सालच्या ऑगस्टमधलं. आमचे हे, म्हणजे हेमचंद्र, झाशीहून बदलून आले होते. भिरूड मंडळी जळगावकडची. चंद्रहास भिरूड शांत, सिग्नलच्या तारांखेरीज कशात लक्ष नसलेले. पद्मिनीताई चाळिशीच्या आसपास, उंच, राकट हाताच्या. लग्नाला वीस वर्षं झालेली आणि मूलबाळ नाही. ही शेवटची गोष्ट मला त्यांचं नाव कळायच्या आधी कळली. कॉलनीत माणसाची ओळख अशीच करून देतात.

कचऱ्याचं कोडं चार दिवसांत सुटलं. कॉलनीच्या मागे चार खोल्यांची एक सरकारी प्राथमिक शाळा होती. रेल्वेचे खलाशी, रूळ सांभाळणारे गँगमन, वीटभट्टीवरचे मजूर यांची पोरं तिथे शिकत. पोरं मधल्या सुट्टीत मीठ लावलेली कोरडी रोटी खातात हे पद्मिनीताईंनी एकदा पाहिलं आणि त्यांना चैन पडेना. शाळेमागे पांढरट, खारवलेल्या मातीचा तुकडा नुसता पडून होता. हेडमास्तर गोपीनाथजींना त्यांनी गळ घातली की ही जमीन मला द्या, मी पोरांकडून भाजी करून घेते. गोपीनाथजी भित्रा माणूस. नाही म्हणायलाही घाबरायचे, म्हणून हो म्हणाले.

शाळेभोवतीचा मजुरांचा मोहल्ला मात्र माझ्यासारखाच संशयी होता. फुकट कोण काय करतं? पद्मिनीताईंनी प्रत्येक पोराला एक वाफा दिला आणि वाफ्याच्या कडेला पत्र्याच्या पट्टीवर त्याचं आणि त्याच्या बापाचं नाव लिहून खोचलं. नसबंदीचे दिवस नुकतेच सरले होते. नावं लिहून घेणारं माणूस दिसलं की पुरुष मागच्या दाराने पळायचे. दुसऱ्या दिवशी शाळेत साठातली अकराच पोरं आली. दुधाने तोंड भाजलेली माणसं ती, ताकही फुंकून पिणारच. ताईंनी पट्ट्या उपटून टाकल्या आणि पोरांना म्हणाल्या की आपापली खूण तुम्हीच लावा. मग कुणी फुटकी बांगडी खोचली, कुणी बापाच्या जुन्या बुटाचा तळ. पोरं परत आली.

मोहल्ल्याच्या वतीने चौकशीला आला तो राजाराम. निवृत्त गँगमन, पांढऱ्या मिश्यांचा, सगळ्यांचा कारभारी. रोज येऊन उकिडवा बसायचा आणि बघत राहायचा. पंधराव्या दिवशी तो कुदळ घेऊनच आला. मग रेल्वेच्या साहेबांची परवानगी काढून त्याने रुळांखालच्या, मोडीत निघालेल्या लाकडी स्लीपरांचं कुंपण घातलं. गवळ्यांनी शेण दिलं, आम्ही कॉलनीतल्या बायकांनी साली-देठं दिली आणि पाण्यासाठी दर घरामागे रोज एक बादली ठरली. दिवाळीपर्यंत पालक, मेथी, मुळा उभा राहिला. दर शनिवारी शाळेच्या पायरीवर मोठ्या पातेल्यात खिचडी शिजायची. ताईंनी जळगावहून आणलेलं लांबोडकं हिरवं वांगं पाहून राजाराम विचारायचा, "बहनजी, यह बैंगन है कि लौकी?"

माझी मृणाल तेव्हा पाच वर्षांची. कॉन्व्हेंटचे प्रवेश संपल्यामुळे एक वर्षापुरतं तिला याच शाळेत घातलं होतं. ती बागेतून घरी येताना गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली असायची आणि पद्मिनीकाकूंखेरीज दुसरं बोलायची नाही. मला ते टोचायचं. खोटं कशाला बोलू?

जानेवारीत ताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "विनीता, यंदा पहिलीच्या पोरांचं बोरन्हाण करायचं म्हणतेय मी."

"परक्यांच्या पोरांचं?"

"परकी कशी? माझ्या बागेतला वाटाणा खातात ती."

"इथल्या लोकांना कळायचं नाही, ताई."

"पोरांच्या डोक्यावर बोरं पडतात, पोरं ती वेचतात. त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

हीच त्यांची चूक. आपल्याकडे जे आनंदाचं, ते जगात सगळीकडे आनंदाचंच असणार, असं त्या धरून चालायच्या. इकडे संक्रांतीला खिचडी म्हणतात. लोक पहाटे नदीवर जातात, तीळ आणि खिचडी दान करतात. काळं त्या दिवशी कुणी नेसत नाही. काळे तीळ, काळं कापड म्हणजे शनीची पीडा दुसऱ्याला देऊन टाकणं. आणि पद्मिनीताई आल्या त्या कोरी करकरीत काळी चंद्रकळा नेसून, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून, हातात सूप घेऊन. सुपात बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, चुरमुरे, तिळाच्या वड्या आणि बागेतल्या वाटाण्याच्या शेंगा. मेथी आणि वाटाण्याच्या वाफ्यांमध्ये गोणपाटावर बावीस पोरं खेटून बसवलेली. मृणालही त्यांत होती.

कुंपणाबाहेर बायका जमल्या होत्या. माझ्या शेजारी राजारामची सून लीलावती. तिची प्रतिमा पहिल्याच रांगेत होती. ताईंनी माप भरलं, प्रतिमाच्या डोक्यावरून फिरवलं आणि ओतलं. पोरांनी एकच कल्ला केला. लीलावतीने माझा दंड धरला.

"बहूजी, ये सिर पर से वार के गिरा रही हैं?"

मी गोणपाटावर मृणालला शोधत होते.

"और वही बच्चे उठा के खा रहे हैं?"

या भागात डोक्यावरून ओवाळलेली वस्तू चौकात नेऊन टाकतात. तिच्यात माणसाची पीडा उतरलेली असते, ती ओलांडतसुद्धा नाहीत. इथे पोरं ती तोंडात भरत होती. लीलावतीला काय दिसत होतं ते मला पूर्ण कळत होतं. हा आमच्याकडचा लाडाचा सण आहे, माझंही लहानपणी केलंय, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण तेवढ्यात मृणालच्या डोक्यावर माप रिकामं झालं आणि ताईंनी तिचे गाल दोन्ही हातांत धरून तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मला ते आवडलं नाही. "पता नहीं," असं लीलावतीला म्हणून मी मृणालला हाका मारायला लागले.

बाराव्या दिवशी प्रतिमाला ताप भरला आणि अंगावर पुरळ आलं. आठवड्याभरात आणखी पाच पोरं आडवी झाली. सातवी मृणाल. रेल्वेच्या डॉक्टरांनी सांगितलं की गोवर आहे, सगळ्या शहरात साथ आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. हे मला कळत होतं. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली बाई मी. तरी तापाने फणफणलेल्या पोरीवरून मी मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि उतरवताना माझ्या डोळ्यांपुढे पद्मिनीताईंचेच हात होते.

मोहल्ल्यात एव्हाना तो शब्द सुरू झाला होता. टोना. काळी साडी, तीळ, रिकामी कूस आणि दुसऱ्यांची पोरं. जुळवायला काही कष्टच नव्हते. बादल्या बंद झाल्या. मग एका दुपारी शाळा सुटल्यावर अंगणात बैठक बसली. पद्मिनीताईंना बोलावलं नव्हतं. गोपीनाथजी खुर्चीच्या टोकावर बसले होते. राजारामला मनातून बाग बंद पडायला नको होती, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. म्हणूनच त्याने मला बोलावून घेतलं होतं.

"बहूजी, आप भी उधर की हैं," तो म्हणाला. "आप जो कहेंगी, हम मान लेंगे। आपके यहाँ ऐसा होता है?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे लागल्या. घरी मृणालचा ताप एकशे तीन होता.

"होता है," मी म्हणाले. "पर अपने घर में, अपने बच्चों का। और करती वही है, जिसके अपने बाल-बच्चे हों।"

पहिली दोन वाक्यं अर्धीमुर्धी खरी होती. शेजारपाजारची पोरं आपण बोलावतोच. तिसरं वाक्य मी तिथल्या तिथे रचलं. माझं स्वतःचं बोरन्हाण सांगलीला माझ्या आत्याने केलं होतं. तिला मूल नव्हतं, आणि म्हणूनच आईने ते माप मुद्दाम तिच्या हातात दिलं होतं. हे मला बोलता बोलताच आठवलं. तरी मी थांबले नाही.

"बस, हो गया फैसला," लीलावती म्हणाली आणि पदर सावरून उठली.

संध्याकाळी गोपीनाथजींनी भिरूडांकडे जाऊन सांगितलं की थोडे दिवस बहनजींनी शाळेकडे येऊ नये. ताईंनी झारी आणि खुरपी त्यांच्या हवाली केली. एवढंच.

दोन दिवसांनी त्या आमच्या दारात आल्या. हातात कडुलिंबाचा पाला. "मृणाल कशी आहे?"

"झोपलीय," मी दार अर्धवट धरून म्हणाले. त्याच क्षणी आतून मृणाल मोठ्याने गाणं म्हणायला लागली. ताईंनी ते ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, पाला उंबऱ्याशी ठेवला आणि गेल्या. मला लाज वाटली, पण पाला मी घरात घेतला नाही.

तीन आठवडे बागेला पाणी नव्हतं. वाटाणा पिवळा पडला, मेथीत शेळी शिरली. शाळेची घंटा झाली की ताई व्हरांड्यात येऊन बसायच्या आणि सुट्टी संपेपर्यंत बसून राहायच्या. त्यांना काय हवं होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यांना ती पोरं हवी होती. बाग गेली तर पोरं जाणार होती.

सगळी पोरं बरी झाली, मृणालही. फक्त प्रतिमाचा खोकला राहिला. तेव्हा मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांनी निवाडा दिला की जिने घातलंय तीच काढू शकते. एका सकाळी लीलावती प्रतिमाला कडेवर घेऊन, तिघी बायकांबरोबर भिरूडांच्या बंगल्याकडे निघालेली मला दिसली. संशयी माणसाला घरात बसवत नाही. मी मागोमाग गेले आणि मेंदीच्या कुंपणापाशी उभी राहिले.

"बहनजी, जो डाला है, उतार लीजिए," लीलावती म्हणाली. "हम किसी से कुछ नहीं कहेंगे।"

"मैंने कुछ डाला ही नहीं, तो उतारूँ क्या?"

लीलावतीने प्रतिमाला खाली उतरवून पुढे केलं. पोर खोकत होती, छाती भात्यासारखी हलत होती. "बस हाथ फेर दीजिए।"

पद्मिनीताईंनी आधी पोरीकडे, मग बायकांकडे पाहिलं. हात फिरवला की तो शब्द त्यांनी आपल्या तोंडाने कबूल केला, असंच होणार होतं. नाही फिरवला तर एकही पोर पुन्हा त्यांच्या वाऱ्याला उभं राहणार नव्हतं. कुंपणापाशी उभं राहून मला हे कळत होतं. आणि हा पेच माझ्या एका वाक्याने घातलाय हेही कळत होतं. पुढे होऊन बोलायची ती वेळ होती. मी पुढे झाले नाही.

"फेरूँगी," ताई शेवटी म्हणाल्या. "पर यहाँ नहीं, बाग में। और जिस बच्चे पर हाथ फेरना हो, वह एक बाल्टी पानी लेकर आए।"

दुसऱ्या दिवशी शाळेपुढे बादल्यांची रांग लागली. बायका पोरांना घेऊन उभ्या, काही अजून घाबरलेल्या. ताई एकेका पोराच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि त्याची बादली घेऊन त्याला त्याच्या वाफ्याशी न्यायच्या. बावीसपैकी एकवीस आली. मृणालला मी पाठवलं नाही. जुलैत तिचं नाव कॉन्व्हेंटमध्ये घातलं.

प्रतिमाचा खोकला आठवड्याभरात थांबला. तो थांबायचाच होता. पण मोहल्ल्याची खात्री पटली, आणि मग जी काही बादल्यांची हजेरी लागली तिला तोड नाही. बहनजी नाराज व्हायला नको, म्हणून लोक न चुकता पाणी भरायचे. आधी सलोख्याने अर्धी घरं पाणी द्यायची, आता भीतीने सगळी द्यायला लागली. गोपीनाथजी खूश. ताई मात्र एकदा बायकांच्या हळदीकुंकवाला तोंड कडू करून म्हणाल्या, "मला शेंगा तोडायला पोरं हवी होती. आता ती पाया पडून जातात." बोरन्हाण त्यांनी पुन्हा केलं नाही. काळी साडीही पुन्हा कधी नेसलेली मी पाहिली नाही.

भीती मात्र फार वर्षं टिकली नाही, हे सांगायला हवं. भाजी रोज खाल्ली की तिचं भय कुठवर वाटणार? पहिली पोरं पाचवी होऊन गेली, त्यांची धाकटी भावंडं आली. त्यांना ताई म्हणजे फक्त बागवाली बहनजी. राजाराम हिरव्या वांग्याचं भरीत चाटूनपुसून खायला लागला. जाताना, म्हणजे ऐंशी सालच्या सुमारास तो वारला तेव्हा, कुंपणाची जबाबदारी लीलावतीवर सोपवून गेला. आणखी दोन शाळांनी येऊन रोपं नेली. चौऱ्याऐंशीत मोहल्ल्यात नवीन आलेल्या एका बाईने जुनं काहीतरी ऐकून विचारलं की ही टोना करणारी तीच ना, तर लीलावती भर रस्त्यात तिच्या अंगावर धावून गेली. "जबान सँभाल के," ती म्हणाली. हे मला आमच्या कामवालीने हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. खाई त्याला खवखवे.

आठ वर्षं मी ताईंच्या घरापासून दोनशे पावलांवर राहिले. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेट व्हायची. थंडी, बदल्या, मलिहाबादचे आंबे यंदा उशिरा आले, असं बोलायचो. त्या प्रत्येक वेळी विचारायच्या, "मृणाल काय म्हणतेय?" आणि दर वेळी मी विषय बदलायची. ते सगळं अपराधापोटी होतं असं मी म्हणणार नाही. मृणाल आजारी पडली की गणपतीत ताई तिच्याकडे बघत होत्या का, हे मी आठवून बघायची. स्वतःच रचलेलं खोटं माणूस हळूहळू खरं मानायला लागतं.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये चंद्रहास भिरूड निवृत्त झाले. भुसावळला घर बांधलं होतं. ज्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने ती दोघं जाणार होती, त्या दुपारी मी शेवटी त्यांच्याकडे गेले. घर रिकामं, मधोमध ट्रंका. मी बसलेसुद्धा नाही.

"ताई, त्या बैठकीत मी खोटं बोलले होते. मूल असलेलीनेच करायचं असं काही नसतं. माझं तर माझ्या आत्याने केलं होतं, तिला मूल नव्हतं."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तू काय बोललीस ते गोपीनाथजींनी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. आणि रीत मला माहीत नाही होय?"

"मग आठ वर्षं काही बोलला कशा नाहीत?"

त्या दोरी उलगडत होत्या. "बोलून काय करायचं? तुझी पोर आजारी होती. आई अशा वेळी काहीही बोलते, असं धरून चालले मी. बाकीच्या बायकांनी आपापली पोरं आणली. वाटायचं, आज ना उद्या तूही आणशील."

मला रडू आलं. "आत्ता आणते," मी म्हणाले. "पाच मिनिटांत आणते. थांबा."

मी जवळजवळ धावतच घरी आले. मृणाल चौदाव्या वर्षात होती, टेबलाशी गणितं सोडवत होती. ती मराठी सगळं समजायची पण उत्तर हिंदीत द्यायची.

"चल, चप्पल घाल. पद्मिनीकाकू चालल्यात, त्यांना नमस्कार करून येऊ."

"कौन? वो टोने वाली आंटी?"

मी जागच्या जागी उभी राहिले. मोहल्ल्यात तो शब्द आता कुणी काढत नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये तर तो कुणाला ठाऊकच नव्हता.

"असं कुणी सांगितलं तुला?"

"तुम ही तो कहती थीं," ती म्हणाली. "बचपन से। उनके सामने से मत निकला करो, उनका दिया मत खाया करो।"

मी तिला सांगायला लागले. ते खरं नव्हतं, माझी चूक झाली, फार चांगली बाई आहे. ती ऐकत होती, पण पेन्सिल घट्ट धरून खुर्ची मागे सरकवत होती. मी तिचा हात धरला तेव्हा तिने तो हिसकावून घेतला. तेरा-चौदा वर्षांची, विज्ञानात वर्गात पहिली येणारी माझी मुलगी खरोखर घाबरली होती.

"मुझे नहीं जाना, मम्मी। कल मेरा टेस्ट भी है। प्लीज़."

मी एकटीच परत गेले. पद्मिनीताई फाटकाशी आल्या होत्या. तोंड धुऊन, केस विंचरून, हातात मृणालला द्यायला एका कागदात बांधलेलं काहीतरी घेऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागच्या रस्त्याकडे, कोपऱ्यापर्यंत. तिथे कुणी नव्हतं. त्यांनी कागद कनवटीला लावला आणि ट्रंकेला दोरी बांधायची राहिली होती, ती बांधायला त्या आत गेल्या.